गाडीत कोणतं पुस्तक उघडावं?

जळगाव-धुळे अपडाऊन करणाऱ्यांना गाडीत काय वाचता असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: "काहीतरी हलकंफुलकं." आमची तक्रार या शब्दाशीच आहे. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे करत धुळे गाठेपर्यंत दोन-अडीच तास जातात. नोकरदार माणसाला वाचनासाठी एवढा सलग वेळ दिवसभरात दुसरा मिळत नाही. तो चुटक्यांवर घालवायचा?

पुस्तक जड की हलकं, हे नंतर बघू. ते आपल्याला कुठे थांबू देतं, हे आधी बघावं. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. एकेका रात्री एक आठवण, अशा बेचाळीस रात्री. एरंडोलला एक संपते, पारोळ्याला दुसरी. हे पुस्तक रडवं आहे, असं आम्हीही म्हणत होतो. पण एका बैठकीत वाचलं की रडवं वाटतं. रोज दोन रात्री वाचल्या, की त्या आईची शिस्त दिसायला लागते.

नेमाड्यांची 'हिंदू' सहाशेच्या घरातली. मांडीवर पेलली तरी धागा सुटतो, आणि मग पाच पानं मागे जावं लागतं. 'कोसला' (१९६३) मात्र गाडीत छान चालते, असं आम्ही बरीच वर्षं सांगत आलो. पांडुरंग सांगवीकरचं बोलणं कुठूनही पकडता येतं ना! इथे आम्ही चुकलो. मनीच्या मृत्यूची पानं आम्ही फागण्याच्या अलीकडे उभ्यानं वाचली, एक हात वरच्या दांडीला. स्टँड आला, लोक उतरले. आम्ही मात्र दिवसभर ऑफिसात कुणाशी धड बोललो नाही. तेवढी पानं रविवारी, घरीच वाचा.

बहिणाबाई तर नुसत्या डोळ्यांनी वाचूच नयेत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी घरच्या-शेतातल्या कामाबरोबर झाली, आणि पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, १९५२ साली. पाळधीपर्यंत एक गाणं ओठात घोळवा, मग पुस्तक मिटून टाका. आम्ही असंच पुटपुटत होतो. शेजारी असोद्याच्या एक आजी, लेकीकडे पारोळ्याला निघालेल्या. थोडा वेळ ऐकलं, मग म्हणाल्या, "भाऊ, आमच्याकडे असं नाही म्हनत." आणि पारोळा येईपर्यंत आमचा एकेक शब्द दुरुस्त करत बसल्या.