कार्टनने पैसे घेतले असते तर?

चार्ल्स डिकन्सची ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ ही कादंबरी मी प्रथम माझगावच्या सर एली कदूरी शाळेत, संक्षिप्त आवृत्तीत वाचली. सिडनी कार्टन गिलोटिनवर चढला तेव्हा आम्ही मुली मुसमुसून रडलो होतो. नर्सची नोकरी संपल्यावर यंदा कॅमडेनच्या लायब्ररीतून पूर्ण पुस्तक आणले. रडू आताही आले, पण कार्टनसाठी नव्हे.

ज्यांनी वाचले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काळ फ्रेंच राज्यक्रांतीचा. चार्ल्स डार्ने हा उमराव घराण्यातला सज्जन तरुण आणि कार्टन हा लंडनचा दारुडा वकील, दोघांच्या चेहऱ्यात विलक्षण साम्य. पॅरिसला डार्नेला देहान्ताची शिक्षा होते. त्याच्या बायकोवर, लूसीवर, कार्टनचे मुके प्रेम असते. तो तुरुंगात शिरतो, औषध हुंगवून डार्नेला बेशुद्ध करतो, कपडे बदलतो आणि त्याच्या जागी मरतो. (औषधाचा प्रकार मला पटला नाही. क्लोरोफॉर्मनेसुद्धा माणूस झटकन आडवा होत नाही, धडपडतो. असो.)

लेखकाने इथे पैशाला जवळ फिरकू दिलेले नाही. प्रेमासाठी मेला म्हणजे त्याग झाला, मोबदला घेतला असता तर तो सौदा झाला असता. पण कार्टन आधी काय करत होता? रात्ररात्र डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून तो स्ट्रायव्हर वकिलाचे खटले तयार करतो आणि कोर्टात नाव होते स्ट्रायव्हरचे. म्हणजे दुसऱ्याच्या जागी राबणे हा त्याचा धंदाच होता. डिकन्स हे फार चांगले रंगवतो, पण पुढे त्याचे काही करत नाही. मला तरी ही उणीव वाटते.

कारण हा हिशेब त्याला ठाऊक नव्हता असे नाही. १८२४ साली बाप कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेला, तेव्हा बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला सहा शिलिंगांवर बाटल्यांना लेबले चिकटवत होता. काही काळ तो राहत होता आमच्या याच कॅमडेन टाऊनमध्ये. कर्ज बापाचे, भोगणे पोराचे.

आपल्या हिंदी सिनेमाने पैशाची गोष्ट निदान लपवली नाही. ‘सच्चा झूठा’मध्ये (१९७०) राजेश खन्ना दोन भूमिकांत आहे. बहिणीच्या लग्नासाठी पैसे मिळवायला मुंबईत आलेला भोळा भोला, आणि त्याला आपल्या जागी उभा करणारा श्रीमंत चोर रणजीत. पण भोला पडला निष्पाप. सगळे समजून-उमजून, घरच्यांच्या पोटासाठी, दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेणारा माणूस तिथेही नाहीच.

आणि खऱ्या जगात असतो तो नेमका तसाच. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात एका श्रीमंताच्या अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेले. घरच्या ड्रायव्हरला डांबून, पैशाचे आमिष आणि धमकी देऊन, “गाडी मीच चालवत होतो” असे सांगायला लावण्याचा प्रयत्न झाला, असा पोलिसांचा आरोप आहे. सरकारी इस्पितळात मुलाच्या रक्ताच्या जागी दुसऱ्याचे रक्त ठेवले, असाही आरोप आहे. ते वाचून माझे हात गार पडले. रुग्णाच्या तोंडून नाव आणि जन्मतारीख वदवून, त्याच्या उशाशीच नळीवर चिठ्ठी लावायची, हे मी जन्मभर केले. इथे चेहरा सारखा असण्याचीही गरज नव्हती. त्या ड्रायव्हरने पैसे घेऊन होकार दिला असता, तर त्याच्या पोराबाळांवरचे प्रेम कार्टनच्या प्रेमापेक्षा हलके ठरले असते काय? डिकन्सने असा माणूस लिहायला हवा होता.

आता मी रडले कोणासाठी ते सांगते. त्या दिवशी बावन्न जणांना मारायचे असते. त्यांत एक गरीब शिवणकाम करणारी पोर असते, काही गुन्हा नसलेली. ती डार्नेला तुरुंगात भेटलेली असते, म्हणून हा तो नव्हे हे तिलाच कळते. ती कोणाला सांगत नाही, फक्त हात धरू द्या म्हणते. तिचा क्रमांक बावीस, कार्टनचा तेवीस. तिच्या जागी कोणी आले नाही. डिकन्सने तिला नावही दिलेले नाही. आमच्या शाळेतल्या आवृत्तीत ती होती की गाळली होती, हे मला आठवत नाही.