अध्याहृत ‘पैकी’ : शततमक-गटांच्या अहवालसारण्यांची चिकित्सा

‘अमुक गाव साक्षरतेत खालच्या दहा टक्क्यांत येते’ असे विधान अहवालात आढळले, म्हणजे ते त्या गावाविषयीचे पूर्ण विधान आहे असा वाचकाचा सहज समज होतो. वस्तुतः ते विधान अपुरे होय. समूहातून एकास वेगळे काढण्याच्या क्रियेस संस्कृत व्याकरणात ‘निर्धारण’ म्हणतात आणि पाणिनीने तेथे समूहवाचक शब्दास षष्ठी वा सप्तमी विहित केली आहे. मराठीत हेच कार्य ‘पैकी’, ‘-तील’, ‘मध्ये’ यांच्याकडे आहे. शततमक हे संख्येचे रूप धारण केलेले निर्धारणच आहे. परंतु सारणीच्या मथळ्यात त्याचा ‘पैकी’ बहुधा अध्याहृत राहतो.

पॉवर बीआय, टॅब्लो यांसारख्या संगणकीय प्रणालींत सारणीच्या ओळी शततमक-गटांनी गाळता येतात. तेथे हा अध्याहार केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही. पॉवर बीआयमध्ये शततमक स्तंभ म्हणून मांडला, तर तो माहिती ताजी करतेवेळी एकदाच काढला जातो आणि वाचकाने नंतर तालुका निवडला तरी बदलत नाही. तोच मापक म्हणून मांडला, तर तो निवडीबरोबर बदलतो. समूह स्थिर हवा असल्यास निवडीचा परिणाम सूत्रातच मुद्दाम दूर करावा लागतो. टॅब्लोमध्ये सारणी-गणनेवर लावलेली गाळणी सर्वांत शेवटी चालते; त्यामुळे ओळी दिसेनाशा होतात, गणनेतून मात्र जात नाहीत. तात्पर्य, एकाच मथळ्याखाली भिन्न अर्थांच्या सारण्या संभवतात.

डहाणू तालुक्यातील आशागडचे उदाहरण घ्यावे. 2011 च्या जनगणनेच्या वेळी हे गाव 15 तालुक्यांच्या ठाणे जिल्ह्यात होते. 1 ऑगस्ट 2014 रोजी डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड, पालघर व वसई या 8 तालुक्यांचा पालघर जिल्हा अस्तित्वात आला. 2011 चीच माहिती आज जिल्हावार गाळली, तर आशागडचा साक्षरतेचा आकडा तोच राहतो. परंतु कल्याण, मुरबाड, शहापूर येथील गावे तुलनेतून निघून जातात. साहजिकच गावात एकही मनुष्य नव्याने साक्षर न होता त्याचे स्थान खालच्या गटातून वर सरकू शकते. एखाद्या योजनेसाठी खालचा गट निवडावयाचा असेल, तर हा भेद शाब्दिक राहत नाही. गाव यादीत असणे वा नसणे त्यावर ठरते.

समूह लहान झाला की दुसरी अडचण उद्भवते. शततमक काढण्याच्या समावेशक व वर्जक अशा दोन रीती या प्रणालींत आढळतात. वर्जक रीतीत 8 घटकांच्या समूहासाठी 1/9 ते 8/9, म्हणजे सुमारे 11.1 ते 88.9 टक्के, एवढ्याच मर्यादेत उत्तर मिळते. तेव्हा पालघरच्या 8 तालुक्यांचा दहावा वा नव्वदावा शततमक या रीतीने निघतच नाही. समावेशक रीत मात्र दोन्ही निःशंकपणे देते. कोणती रीत वापरली हे न सांगता ‘खालचे दहा टक्के’ म्हणणे म्हणजे संज्ञेची व्याख्या न देता तिचा प्रयोग करणे होय.

यावर असा आक्षेप संभवतो की, दोष प्रणालीचा नसून ती वापरणाऱ्याचा आहे. शिवाय मोजक्या टोकाच्या मूल्यांनी सरासरी ओढली जाते, तेथे शततमकच अधिक विश्वसनीय ठरतो. दोन्ही गोष्टी मान्य कराव्या लागतील. तथापि, त्यांतून निष्पन्न होते ते एवढेच की, समूह स्पष्ट सांगण्याचे उत्तरदायित्व सारणी रचणाऱ्यावर येते. ‘खालचे दहा टक्के’ याऐवजी ‘2011 च्या ठाणे जिल्ह्यातील सर्व गावांपैकी खालचे दहा टक्के, समावेशक रीतीने’ असा मथळा लांबट वाटेल, परंतु तोच अर्थपूर्ण आहे. अध्याहार तेथेच क्षम्य असतो, जेथे श्रोता व वक्ता यांच्या मनात एकच शब्द असतो. अहवालाचा कर्ता आणि आशागडचा ग्रामस्थ यांच्या मनातील ‘पैकी’ एकच आहे, असे गृहीत धरण्यास कोणताही आधार नाही.