देह, चिन्ह आणि दैवत : प्राचीन इजिप्शियन कलेतील फॅरोची प्रतिमा

१

प्लेटोने ‘लॉज’ या आपल्या उत्तरकालीन संवादात इजिप्शियन कलेचा गौरव केला तो तिच्या स्थिरतेसाठी. एकदा ठरलेली रूपे तेथील कलावंतांनी शतकानुशतके बदलली नाहीत, ही गोष्ट त्याला अनुकरणीय वाटली. आधुनिक युरोपीय कलेतिहासाने मात्र हीच स्थिरता दीर्घकाळ उणीव मानली. चेहरा आणि पाय बाजूने, डोळा आणि खांदे समोरून दाखविणारी आकृती ही यथादर्शन न साधलेल्या हाताची आकृती आहे, अशी समजूत त्यातून रूढ झाली. हाइनरिख शेफर यांनी १९१९ मध्ये या समजुतीला पहिला पद्धतशीर छेद दिला. अर्न्स्ट गॉम्ब्रिक यांनीही ‘आर्ट अँड इल्यूजन’ (१९६०) या ग्रंथात इजिप्शियन प्रतिमेचे प्रयोजनच वेगळे असल्याचे मान्य केले. तरी ग्रीकांनी साधलेला वास्तवाभास ही ‘क्रांती’ होय, हाच त्यांच्या विवेचनाचा कणा राहिला. स्तुती असो वा आक्षेप, प्रतिमा काय विधान करते यापेक्षा ती किती बदलली आणि दृश्याच्या किती जवळ गेली, या प्रश्नांनाच अग्रक्रम मिळत आला.

या दृष्टीचा सर्वांत टिकाऊ परिणाम अखेनातेनच्या (सुमारे इ.स.पू. १३५३-१३३६) कारकिर्दीतील कलेच्या आकलनावर झाला आहे. अमार्ना शैली म्हणजे संकेतांच्या बंदिवासातून सत्याकडे झालेली सुटका, असे तिचे वर्णन आजही पाठ्यग्रंथांतून आढळते. हे वर्णन तपासून पाहण्याजोगे आहे. इजिप्शियन कलेत राजाचा देह आणि देवाचा देह हे दोन स्वतंत्र विषय नाहीत. ते एकाच संकेतव्यूहातील परस्परावलंबी घटक आहेत. एकाचे स्थान हलले की दुसऱ्याचे रूप बदलते. अमार्ना शैलीचा उलगडा या परस्परावलंबनातून होतो. वास्तववादाच्या कल्पनेतून तो होत नाही.

२

प्रथम लक्षात घ्यावयाची बाब अशी की, परंपरागत इजिप्शियन चित्रणात राजा आणि देव यांच्या देहांत तत्त्वतः भेद नाही. उभी आकृती तळपायापासून केसांच्या कडेपर्यंत अठरा चौकोनांच्या जाळीत बसविण्याचा जो प्रघात मध्य साम्राज्यापासून स्थिरावला, तो दोघांनाही सारखाच लागू होतो. रुंद खांदे, अरुंद कंबर, पुढे टाकलेला डावा पाय आणि वयाचा स्पर्श न झालेली त्वचा हे दोघांचे सामाईक धन आहे. गिझा येथे सापडलेल्या मेन्कौरेच्या त्रिमूर्ती-शिल्पांत राजाशेजारी उभ्या असलेल्या हाथोर देवीचा चेहरा राजाच्याच चेहऱ्याच्या साच्यातून उतरल्यासारखा दिसतो. अबू सिंबेलच्या मोठ्या मंदिराच्या गर्भगृहात प्ताह, आमून आणि रा-होराख्ती यांच्या ओळीत दुसरा रामसेस त्यांच्याच आकाराचा होऊन बसला आहे. त्याच मंदिरातील उत्थितशिल्पांत राजा रामसेस देव झालेल्या रामसेसला अर्पण करताना दिसतो. अर्पण करणारा आणि स्वीकारणारा यांचा देह एकच आहे. भेद आहे तो मुद्रेचा, मुकुटाचा आणि स्थानाचा.

म्हणजेच अर्थ देहात नसून देहावर आणि देहाभोवती आहे. सर्वसाधारणपणे जिवंत राजाची कृत्रिम दाढी सरळ असते. देवांची आणि मरणोत्तर ओसिरिसरूप झालेल्या राजाची दाढी टोकाशी वळलेली असते. तुतनखामुनच्या सुवर्णमुखवट्यावरील वळलेली दाढी हा अलंकार नव्हे. राजा आता कोणत्या कोटीत गेला आहे, याचे ते निवेदन आहे. मुखवट्याच्या पाठीवर कोरलेला मंत्र हेच विधान शब्दांत करतो. त्यात मुखाच्या एकेका अवयवाचे देवतांशी तादात्म्य सांगितले असून, दोन डोळे म्हणजे सूर्याच्या रात्रीच्या आणि दिवसाच्या नौका होत, असे म्हटले आहे.

देवांच्या पशुमुखांचा प्रश्नही याच चौकटीत सुटतो. शराटी पक्ष्याचे मस्तक धारण करणारा थोथ, कोल्ह्याच्या मुखाचा अनुबिस किंवा सिंहिणीच्या मुखाची सेख्मेत यांना पाहून ग्रीक-रोमन लेखकांनी उपहास केला. परंतु थोथ कधी शराटीमुखी पुरुष, कधी पूर्ण शराटी, तर कधी वानर म्हणून येतो. हाथोर कधी गाय असते, कधी गायीचे कान असलेली स्त्री, तर कधी शिंगांमध्ये सूर्यबिंब धारण करणारी राज्ञी. एरिक हॉर्नुंग यांनी १९७१ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे यांपैकी कोणतेही देवतेचे ‘खरे’ रूप नव्हे. संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर पशुमुख येथे अभिधेने घ्यावयाचे नाही. मुख्यार्थाचा बाध होतो, आणि मगच लक्षणेने देवतेच्या स्वभावधर्माकडे जाता येते.

३

प्रतिमा आणि लिपी यांच्या नात्यातून हे अधिक स्पष्ट होते. चित्रलिपीत शब्दाच्या शेवटी त्याचा वर्ग सांगणारे निर्धारक चिन्ह येते. पुरुषाच्या नावानंतर पुरुषाची, तर देवाच्या नावानंतर देवाची लहान आकृती काढली जाते. पुतळ्यावर किंवा भित्तिचित्राशेजारी नाव कोरताना मात्र हे चिन्ह पुष्कळदा गाळले जाते, कारण शेजारची मोठी आकृतीच ते काम करते. हेन्री फिशर यांनी या बाबीकडे लक्ष वेधले आहे. पुतळा हा अक्षरशः त्याच्यावर कोरलेल्या शब्दाचा अंतिम वर्ण ठरतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे तानिस येथे सापडलेले आणि कैरोच्या संग्रहात गेलेले दुसऱ्या रामसेसचे शिल्प. होरोन या देवतेच्या विशाल ससाण्यापुढे बालरूपातील राजा बसला आहे. त्याच्या डोक्यावर सूर्यबिंब, तोंडाशी बोट, हातात एक वनस्पती. सूर्याचा उच्चार ‘रा’, बालकाचा ‘मेस’, वनस्पतीचा ‘सू’. तिन्ही मिळून राजाचे नाव वाचले जाते. राजाचा देह येथे नावातील एक वर्ण झाला आहे. बालकाच्या चेहऱ्यात रामसेसचे साम्य शोधू पाहणारा समीक्षक या शिल्पाकडे केवळ पाहत राहतो. ते वाचत नाही.

हात्शेप्सुतचे (सुमारे इ.स.पू. १४७९-१४५८) उदाहरणही याच दृष्टीने पाहावयास हवे. देर-एल-बहरी येथील तिच्या अनेक प्रतिमांत ती पुरुषदेहाने, राजाच्या अंतरीयासह आणि कृत्रिम दाढीसह दिसते; मात्र सोबतच्या लेखांत तिच्यासाठी स्त्रीलिंगी रूपे वारंवार वापरली जातात. याला वेषांतर किंवा फसवणूक म्हणणे म्हणजे देहाला सादृश्याच्या कसोटीवर लावणे होय. राजपद या संकल्पनेची देहखूण पुरुषाची होती आणि ती धारण करणारी व्यक्ती स्त्री होती. प्रतिमा पहिली गोष्ट सांगते, व्याकरण दुसरी. दोघांत विसंगती नाही, कार्यविभागणी आहे.

४

आता अमार्नाकडे वळता येईल. थीब्ज येथील रामोसे या वजिराच्या कबरीतील एकाच भिंतीवर एकाच राजाच्या दोन प्रतिमा आहेत. एका बाजूस चौथा आमेनहोतेप रूढ शैलीत, आदर्श देहाने, छत्राखाली बसला असून त्याच्यासोबत मात ही देवी सदेह उपस्थित आहे. दुसऱ्या बाजूस तोच राजा नेफर्तितीसह दर्शनखिडकीत उभा आहे. देह नव्या शैलीतला, पोट पुढे आलेले. वर देवता म्हणून केवळ सूर्यबिंब आणि त्याचे किरण. वजीर तोच, भिंत तीच, राजाही तोच. मधल्या अल्प काळात राजाचे शरीर बदलले असे मानण्यापेक्षा, देवाचे शरीर नाहीसे झाले हे पाहणे अधिक फलदायी ठरते.

अखेनातेनच्या आरंभीच्या वर्षांत त्याचा देव ससाण्याच्या मुखाच्या पुरुषरूपात दाखविला जात होता. लवकरच ते रूप टाकून दिले गेले आणि उरले ते बिंब, ज्याच्या किरणांच्या टोकांना लहान हात आहेत. हे हात जीवनचिन्ह ‘अंख’ राजा आणि राणी यांच्याच नाकाशी धरतात. देवाचे नाव राजाच्या नावाप्रमाणे लंबवर्तुळाकार चौकटीत लिहिले जाऊ लागले. परंपरेने अनेक देवदेहांत वाटून दिलेला अर्थभार आता निराधार झाला. सृजन, पोषण, स्त्रीत्व-पुंस्त्व यांचे ऐक्य वाहून नेण्यास देवतांचे देह उरले नाहीत. तो भार एकट्या राजदेहावर आला. कर्नाकच्या पूर्वेस १९२५ पासून मिळालेल्या अखेनातेनच्या महाशिल्पांतील लांबट चेहरा, अरुंद खांदे, फुगीर उदर आणि मांड्या हा या स्थलांतराचा दृश्य पुरावा होय. राजा-राणी यांना शू आणि तेफ्नुत या आद्य युग्माच्या ठिकाणी कल्पिले असावे, हा अनेक अभ्यासकांचा तर्क याच्याशी सुसंगत आहे.

या देहाचे वैद्यकीय निदान करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात पुष्कळ झाले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, या राजघराण्यातील ममींच्या अभ्यासात मार्फान व्याधीस आधार मिळाला नाही. परंतु निदानाची मूळ चूक पुराव्याची नसून पद्धतीची आहे. संकेताला छायाचित्र समजल्याशिवाय रोग शोधता येत नाही. आस्वान येथील शिलालेखात बाक हा प्रमुख शिल्पी आपल्याला प्रत्यक्ष राजानेच शिकविल्याचे सांगतो. नवी शैली ही कलावंताच्या नजरेला मिळालेली मोकळीक नव्हती, तो राजाज्ञेचा भाग होता. नेफर्तितीच्या १९१२ मध्ये सापडलेल्या प्रसिद्ध अर्धपुतळ्याच्या तपासणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आतील चुनखडकाच्या चेहऱ्यावर ओठांजवळ सुरकुत्यांच्या रेषा असून वरच्या गिलाव्यात त्या सौम्य केल्याचे त्यांतून दिसले. अमार्नाच्या कलावंताला निरीक्षण येत होते. पण प्रतिमेत काय राहावे, हे निरीक्षणाने ठरत नव्हते.

पुढील घटनाक्रम या अन्वयाला बळकटी देतो. तुतनखामुनच्या काळात देवता परतल्या, आणि आमूनच्या नव्या मूर्तींना चेहरा मिळाला तो तरुण राजाचा. देवदेह परत येताच राजदेह पुन्हा रूढ प्रमाणांकडे सरकू लागला.

५

येथपर्यंतच्या विवेचनावरून इजिप्शियन प्रतिमेला चिन्हमीमांसेच्या हाती सोपवून मोकळे व्हावे असे वाटण्याचा संभव आहे. तेथेच थांबणे मात्र धोक्याचे ठरेल. सोस्यूरप्रणीत चिन्ह यादृच्छिक असते; चिन्हक पुसले म्हणून चिन्हिताला इजा होत नाही. इजिप्तमध्ये ती होते. अखेनातेनच्या माणसांनी आमूनचे नाव छिन्नीने उडविले, ते खुद्द त्याच्या पित्याच्या, तिसऱ्या आमेनहोतेपच्या नावातूनही. पिरॅमिडमधील लेखांत सापासारख्या प्राण्यांची अक्षरचिन्हे कित्येकदा तोडून लिहिली आहेत, ती मृताला इजा करतील या भयाने. मूर्तीवर ‘मुखोद्घाटना’चा विधी होई, तेव्हाच ती श्वास आणि अन्न घेण्यास समर्थ ठरे. खाफ्रेच्या गिझा येथील पुतळ्यात होरसचा ससाणा राजाच्या मस्तकामागे पंख पसरून बसला आहे, आणि समोरून पाहणाऱ्यास तो दिसतही नाही. प्रेक्षकाला अर्थ कळविणे एवढेच प्रयोजन असते तर हा ससाणा निरर्थक ठरला असता.

ही प्रतिमा अनुकृती नव्हे आणि निव्वळ संकेतही नव्हे. ती जे दाखविते ते अस्तित्वात आणते आणि टिकवून धरते. शत्रूचे केस धरून गदा उगारणारा राजा इ.स.पू. ३१०० च्या सुमाराच्या नार्मर पाटीवर दिसतो, आणि तीन सहस्रके उलटल्यावर एस्नाच्या मंदिराच्या भिंतीवर रोमन सम्राट त्याच पवित्र्यात उभा राहतो. त्या सम्राटाने तो प्रहार केला की नाही, हा प्रश्न त्या भिंतीपुढे गैरलागू आहे. अनागोंदीवर व्यवस्थेचा प्रहार चालू राहणे, हेच त्या आकृतीचे कार्य. सादृश्याचे माप आणि यादृच्छिक चिन्हाचे माप ही दोन्ही आधुनिक समीक्षेने स्वयंसिद्ध मानलेली साधने आहेत. फॅरोच्या प्रतिमेपुढे दोन्ही अपुरी पडतात. ती सरसकट लागू करण्यापूर्वी त्यांची मर्यादा ओळखणे, हे या प्रतिमेच्या वाचनाचे पहिले पथ्य होय.