शिष्यत्व कोणाचे? टिळकांचा ख्रिस्त आणि आमचे प्रश्न

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विषय निघाला की आपले प्रस्थापित समीक्षक दोन नावांपाशी येऊन थांबतात. एक रेव्हरंड नारायण वामन टिळक, दुसरे लक्ष्मीबाई टिळक. फार झाले तर पंडिता रमाबाई. तिन्ही नावे जन्माने ब्राह्मण. ज्या अहमदनगर जिल्ह्यात (आताच्या अहिल्यानगरात) अमेरिकन मराठी मिशनचे काम उभे राहिले, तेथे ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग होते. चर्च त्यांनी भरले, वाङ्मय मात्र टिळकांच्या घरात झाले. हा केवळ प्रतिभेचा योगायोग आहे असे मानून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

प्रश्न टिळकांच्या निष्ठेचा नाही. ती खणखणीत होती. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला, त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचा ठाव घेतला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या एका दिवसात बायको, मूल, जात, आप्त सर्व दुरावले. पुढे ते धर्मशिक्षक झाले, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक झाले, आणि तरीही 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताचा शिष्य तो आपला बंधू, ही त्यामागची कल्पना. परदेशी पगाराखाली भारतीय माणसाचे शिष्यत्व गुदमरते हे त्यांनी ओळखले होते. 1919 साली त्यांचे निधन झाले आणि दरबार मागे पडला.

ह्या सर्व कथेला एक आकार आहे. एक सुशिक्षित, सवर्ण, प्रतिष्ठित माणूस सत्याच्या शोधात निघतो, त्याला ते सापडते, त्यासाठी तो सर्वस्व टाकतो, आणि टाकल्यानेच त्याच्या जगण्याला प्रयोजन मिळते. हीच शिष्यत्वाची एकमेव कसोटी धरली तर ज्याच्यापाशी टाकायला काहीच नव्हते त्याने काय करायचे? महारवाड्यातल्या माणसाने जात टाकली म्हणजे काय टाकले? ती त्याने मिरवलेली नव्हती, त्याच्यावर लादलेली होती. सवर्णाने जात सोडली की त्याग होतो. अस्पृश्याने ती सोडू पाहिली की त्याच्या हेतूची चौकशी सुरू होते. दुष्काळात मिशनच्या दारी गेलेल्यांना ‘पोटासाठी बाटलेले’ म्हणून हिणवण्यात सनातनी आणि सुधारक यांचे नेहमी एकमत झाले. खुद्द मिशनऱ्यांनाही ह्या हेतूंची काळजी होती. शुद्ध हेतूची ही अट फक्त उपाशी माणसालाच का?

शुभवर्तमाने उघडून पाहिली तर ही अट तेथे दिसत नाही. येशूकडे कोण आले? आंधळा दृष्टीसाठी आला, कुष्ठी शुद्ध होण्यासाठी आला, कोणी आजारी मुलीसाठी आला, हजारो भाकरीसाठी थांबले. त्यांतल्या कोणालाही ‘तुझा हेतू आध्यात्मिक आहे काय?’ असे विचारले गेल्याचे आढळत नाही. उलट सर्व आज्ञा पाळणारा, सुसंस्कृत, श्रीमंत तरुण आला तेव्हा त्याला संपत्ती वाटून टाकायला सांगितले गेले, आणि तो खिन्न होऊन परत गेला. म्हणजे त्यागाची कसोटी ज्याच्यापाशी आहे त्याच्यासाठी. गरजवंताला गरज हीच पात्रता.

याहून बोचणारी गोष्ट कनानी बाईची. आजारी मुलीसाठी ती येशूच्या मागे लागते. मुलांची भाकर कुत्र्यांना घालू नये असे उत्तर तिला मिळते, आणि तेही येशूच्याच तोंडून. ती म्हणते, कुत्रीसुद्धा मेजाखाली पडलेला चुरा खातात. व्यासपीठावरून हा उतारा नम्रतेचा नमुना म्हणून सांगितला जातो. ज्यांच्या आज्यांनी दारोदार फिरून उष्टे-शिळे गोळा केले त्यांना तो तसा ऐकू येईल काय? कुत्र्याला शिवता येते, माणसाला नाही, हा ज्या समाजाचा व्यवहार, तेथे ह्या संवादातला प्रत्येक शब्द भाजतो. पण त्याच वाचकाला आणखी एक गोष्ट दिसते, जी प्रवचनकाराला बहुधा दिसत नाही. ती बाई नमली नाही, तिने वाद घातला. समोरच्याचाच दाखला उचलून तिने त्याचे उत्तर फिरवले, आणि जिंकली. येशूने तिची श्रद्धा थोर म्हटली ती ह्या वादानंतर.

ह्या बाईची बहीण आपल्याकडे आहे. जोतीरावांच्या पुण्यातल्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदया’त छापून आला, म्हणजे टिळक त्याच पत्राचे संपादक होण्याच्या अर्धशतकाहून अधिक आधी. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आम्ही ग्रंथावाचूनचे झालो, मग आमचा धर्म कोणता, असा सवाल तिने थेट देवाला केला. मुक्ता ख्रिस्ती झाली नव्हती. पण देवाशी वाद घालण्याचा हक्क तिने जसा बजावला तसा टिळकांच्या भक्तिपर कवितेत मला कोठे भेटत नाही. टिळकांची कविता शरण जाते. शरणागतीत सौंदर्य आहे हे मान्य. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शरण जायलाच शिकवले गेले, त्यांच्या आत्मभानाला ती कितपत पुरेल?

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. हा पूल सुंदर आहे. मी राहतो त्या कुरवंड्याहून देहू फार लांब नाही, आणि तुकोबांचे मोल मावळातल्या माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु त्या पुलावर चोखोबा कोठे उभे होते? पंढरीत ते महाद्वाराबाहेर राहिले, समाधीही तेथेच. टिळकांनी अभंग, कीर्तन, भजन चर्चमध्ये आणले, त्यामुळे खेड्यातल्या ख्रिस्ती माणसाच्या तोंडी स्वतःच्या भाषेतली प्रार्थना आली. हे त्यांचे ऋण मोठे आहे, ते नाकारणे कृतघ्नपणा होईल. मात्र पूल बांधताना त्यावर पूर्वी कोणाला येऊ दिले नव्हते याची नोंद त्यांनी केली नाही.

लक्ष्मीबाईंची गोष्ट वेगळी आहे. ‘स्मृतिचित्रे’ (1934 ते 1936) हे मराठीतले एक निर्भय पुस्तक आहे. आपल्या मनातला विटाळ ह्या बाईने झाकला नाही. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही त्या वर्षानुवर्षे सोवळ्यात राहिल्या, आणि तो अडसर मनातून कसकसा सुटत गेला ते त्यांनी हसत-हसवत लिहिले. त्यांच्या बाबतीत जातिभेद आधी गेला, 1900 सालचा बाप्तिस्मा नंतर आला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. धर्म बदलूनही ज्यांची जात शाबूत राहिली अशी चर्चे ह्या देशात कमी नाहीत. तेव्हा लक्ष्मीबाईंचे शिष्यत्व पाण्याच्या भांड्यापाशी सुरू झाले, वेदीपाशी नव्हे. तरीही पुस्तकातली पूर्वास्पृश्य माणसे बहुतांशी लक्ष्मीबाईंच्या मायेचा, गमतीचा वा मदतीचा विषय आहेत. ती स्वतःचे म्हणणे मांडत नाहीत. अभ्यासक्रमात तर पुस्तकाचा विनोद तेवढा शिकवतात, विटाळाची पाने वगळतात!

टिळकांच्या आधीच मराठीत ख्रिस्ताचे दुसरे आकलन झाले होते, ते महात्मा फुल्यांचे. ‘गुलामगिरी’त (1873) त्यांनी येशूला दीनदुबळ्यांचा कैवारी म्हणून बळीराजाच्या पंक्तीला बसवले. रमाबाईंच्या धर्मांतरावर गदारोळ झाला तेव्हा 1885 च्या ‘सत्सारा’त त्यांची बाजू घेतली. आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात एकाच घरातली माणसे बौद्ध, ख्रिस्ती, महंमदी, सत्यधर्मी होऊन प्रेमाने नांदतील असे चित्र रंगवले. स्वतः ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांचा येशू आत्म्याला शांती देण्यापुरता नाही, तो गुलामांच्या बाजूने उभा राहतो.

बाबासाहेबांनी नेमके येथेच बोट ठेवले. मिशनांनी शाळा-दवाखान्यांवर केलेल्या खर्चाचा लाभ मोठ्या प्रमाणात सवर्णांनी घेतला, आणि ख्रिस्ती झालेला अस्पृश्य सामाजिक लढ्यापासून अलिप्त राहिला, हा त्यांचा आक्षेप होता. 25 डिसेंबर 1954 रोजी, म्हणजे नाताळाच्याच दिवशी, त्यांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. आमच्यातल्या बहुतेकांचे प्रयोजन त्या वाटेवर सापडले, आणि त्याबद्दल मला संदेह नाही. पण जे दुसऱ्या वाटेने गेले त्यांना आपल्या चळवळीने परके मानावे काय?

त्या वाटेवरचाच एक मराठी माणूस, अरविंद निर्मळ. 1981 साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी शूद्रांच्या ईश्वरशास्त्राची मांडणी केली. तीतूनच पुढे ‘दलित ईश्वरशास्त्र’ उभे राहिले. अनुवादाच्या पुस्तकात इस्राएली माणूस आपला बाप भटका अरामी होता असे कबूल करतो. निर्मळांनी त्या कबुलीशेजारी आपल्या अस्पृश्य पूर्वजांचा इतिहास ठेवला. पूर्वज विसरून नव्हे, त्यांना घेऊन देवासमोर उभे राहायचे, हा त्यांचा आग्रह. मुक्तेच्या निबंधाचे बळ मला येथे पुन्हा दिसते. मात्र हे लेखन इंग्रजीत झाले आणि मराठी दलित समीक्षेने त्याची जेवढी दखल घ्यायला हवी तेवढी घेतली नाही.

दरम्यान 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश आपले काम करीतच आहे. अनुसूचित जातींची व्याख्या त्याने हिंदूंपुरती ठेवली. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध तीत आले. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. गावकुसाबाहेरचे घर तेच, आडनाव तेच, अपमान तोच, पण कायद्याच्या लेखी बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुतली गेली! परिणामी कित्येक कुटुंबांत रविवारची प्रार्थना एक आणि दाखल्यावरचा धर्म दुसरा असतो. टिळकांचे धर्मांतर मुंबईत जाहीरपणे झाले, त्याची वार्ता सर्वांना कळली. ह्या कुटुंबांना आपले शिष्यत्व तहसील कचेरीच्या दारात खिशात लपवावे लागते. कॉलेजात वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, खोटे कोण बोलतो, आम्ही की कागद?’

ह्या प्रश्नाला धरून लिहिलेले, ‘स्मृतिचित्रां’शेजारी ठेवता येईल असे आत्मकथन मला अद्याप वाचायला मिळालेले नाही. ते लिहू शकतील अशी मुले-मुली आज कॉलेजांतून आहेत. ह्या पानांनी त्यांच्यासाठी जागा ठेवावी.