कारणाशिवायचा गंज

1942 च्या ऑगस्टपासून पुढच्या दोन वर्षांत जर्मनीने जेमतेम साडेतेराशे टायगर रणगाडे बनवले. त्यांतल्या बहुतेकांना गंजायला वेळच मिळाला नाही. कारखान्यातून निघायचे, रेल्वेने आघाडीवर पोहोचायचे आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शत्रूच्या गोळ्याने, बिघडलेल्या गिअरबॉक्सने नाहीतर पेट्रोलच्या टंचाईने संपायचे. त्या काळचे फोटो नीट पाहिले तर चिखल दिसतो, धूळ दिसते, गोळे आदळल्याच्या खुणा दिसतात. रंग मात्र बहुधा जागच्या जागी असतो. आता एखाद्या स्पर्धेत मांडलेला 1:35 प्रमाणातला टायगर पाहा. झाकणांच्या कडा खरवडलेल्या, प्रत्येक बिजागरीखाली तांबूस ओघळ, चिलखताच्या पत्र्यांवर टवकेच टवके. वीस वर्षे समुद्रकिनारी बेवारस उभा असावा असा हा रणगाडा, आणि त्याच्या बुरुजातून ताज्या इस्त्रीच्या गणवेशातला कमांडर डोके काढून पाहतो आहे.

रणगाड्याचे मॉडेल रंगवण्याच्या कलेत आज हातांचे कौशल्य पूर्वी कधी नव्हते एवढे आहे, हे आधीच मान्य करतो. माझी तक्रार नजरेबद्दल आहे. वेदरिंग, म्हणजे ऊन-पाऊस, धूळ आणि वापर यांच्या खुणा रंगाने उमटवणे, ही मुळात निरीक्षणाची कला. गेल्या वीसेक वर्षांत ती रणगाड्यांकडे पाहायचे सोडून दुसऱ्यांच्या मॉडेलांकडे पाहू लागली आहे.

तशी ती कधीच फार निरागस नव्हती. 1:35 हे प्रमाणसुद्धा इतिहासाने किंवा सौंदर्यदृष्टीने ठरवलेले नाही. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचा मोटरवर चालणारा किट काढला. आत मोटर आणि बॅटरीचे सेल मावले पाहिजेत, या हिशेबाने त्याचा आकार ठरला. मोजल्यावर तो पस्तिसाव्या हिश्श्याच्या आसपास आला आणि पुढे सगळ्या जगाने तोच प्रमाण मानला. खोक्यावरचे चित्र शिगेरू कोमात्सुझाकी यांचे. त्यांच्या चित्रांतले रणगाडे धुरातून, ज्वाळांतून प्रेक्षकाच्या अंगावर येत. खरा रणगाडा कधीही न पाहिलेल्या पिढीच्या मनात रणगाडा असा उभा राहिला. मॉडेलच्या रंगकामातली नाट्याची ओढ तिथपासूनची आहे, ती पुढे गाजलेल्या स्पॅनिश मॉडेलरांनी आणलेली नाही.

1970 आणि 80 च्या दशकांवर दोन माणसांची छाप आहे. अमेरिकेत शेपर्ड पेन यांनी डायोरामाला, म्हणजे भोवतालासह मांडलेल्या दृश्याला, कथा दिली. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी वॉश आणि ड्रायब्रश या जोडीला जगभर पोहोचवले. पातळ केलेला गडद रंग केशाकर्षणाने खाचाखोचांत उतरतो, तो वॉश. जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवला की कडा उजळतात, तो ड्रायब्रश. दोन्ही झटपट होणारे, दोन्हींचा परिणाम खात्रीचा. मॉडेल एका संध्याकाळी ‘उठून’ दिसू लागले. किंमत अशी मोजावी लागली की वाळवंटातला शर्मन आणि रशियातला टी-34 एकसारखेच दिसू लागले : खाचा काळ्या, कडा पांढुरक्या. पेन यांच्या कामात मात्र चिखल कुठून आला ते कथेतून कळत असे. माझ्या मते तो धडा आपण पुरेसा घेतला नाही. व्हर्लिंडेन यांची युक्ती तेवढी उचलली.

या शतकाच्या पहिल्या दशकात सूत्रे स्पेनकडे गेली. मिग हिमेनेस यांनी पिग्मेंटच्या कोरड्या भुकट्या, पृष्ठभागाची छटा हलकेच बदलणारे फिल्टर, तयार वॉश अशा गोष्टी बाटल्यांत भरून जगाच्या हाती दिल्या. अमेरिकेचे अ‍ॅडम वाइल्डर आणि इतर काहींनी ‘कलर मॉड्युलेशन’ रूढ केले. त्यात एकाच हिरव्या रंगाच्या सहा-सात छटा एअरब्रशने मारतात : वरचे पत्रे फिके, खालचे गडद, प्रत्येक पत्र्यावर एका टोकाकडून दुसरीकडे उतरत जाणारा उजेड. पहिल्यांदा पाहिले तेव्हा थक्क झालो होतो, हे नाकारत नाही. सपाट प्लास्टिकला एकदम वजन आले होते.

पण त्याच्या समर्थनार्थ जे शास्त्र सांगितले जाते ते कच्चे आहे. ‘लहान वस्तूवर पुरेशी सावली पडत नाही, म्हणून ती रंगवावी लागते’ असे म्हणतात. सावलीची भूमिती आकारावर अवलंबून नसते. त्याच कोनातून प्रकाश आला तर पस्तीसपट लहान बुरुजाची सावली पस्तीसपट लहान पडते, कमी गडद पडत नाही. खरा फरक दुसरीकडे आहे. एक म्हणजे हवा. मॉडेल आपण हातभर अंतरावरून पाहतो. खऱ्याच्या हिशेबात ते दहा-बारा मीटर किंवा जास्तच होते, आणि बाहेर तेवढ्या अंतरावरच्या धुळीने, उजेडाने रंग किंचित फिका आणि मवाळ वाटू शकतो. दुसरे म्हणजे आपले डोळे. दोन डोळ्यांमध्ये सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. मॉडेलच्या जगात ते सव्वादोन मीटर होते. म्हणजे मॉडेलसमोर उभा असलेला आपण एक महाकाय प्राणी असतो, त्याला सगळे एकाच वेळी दोन बाजूंनी दिसते आणि म्हणूनच ते खेळण्यासारखे वाटते. हा भास मोडायला खोटा उजेड उपयोगी पडतो. तेव्हा मॉड्युलेशन हे रंगभूमीचे तंत्र आहे. नेपथ्य म्हणून करा, सुंदर करा; त्याला वास्तववादाचे प्रमाणपत्र चिकटवू नका.

मला जी तंत्रे खऱ्या अर्थाने पुढची वाटतात ती परिणामाची नक्कल करत नाहीत, कारणाची करतात. सर्वांत चांगले उदाहरण हेअरस्प्रेचे. खाली पक्का रंग, त्यावर साधा केसांना मारायचा स्प्रे, त्यावर अ‍ॅक्रिलिकचा थर. मग कोमट पाण्याने भिजवलेला ब्रश हलकेच फिरवला की मधला स्प्रे विरघळतो आणि वरचा रंग सुटतो. ब्रिटनचे फिल स्टुचिन्स्कस आणि अमेरिकेचे माइक रिनाल्डी यांनी हे तंत्र फार वर नेले. त्याचा अस्सल उपयोग हिवाळी पांढऱ्या रंगात आहे. पूर्व आघाडीवर 1941 च्या हिवाळ्यात जर्मन तुकड्यांनी चुना, खडू, मिळेल ते रणगाड्यांना फासले. नंतर पाण्याने निघणारा पांढरा रंग आला. तो सैनिकांच्या बुटांखाली, झाकणाच्या मुठीभोवती, इंजिनावर चढायच्या वाटेवर घासून गेला आणि खालचा गडद करडा किंवा पिवळा रंग डोकावू लागला. मॉडेलवरही नेमके हेच घडते : पाण्याने सुटणारा थर, घासल्याने गेलेला. कुठे घासायचे हे मात्र बाटली सांगत नाही. त्यासाठी चालक कुठून चढतो, पाय कुठे ठेवतो हे माहीत असावे लागते.

तीच गोष्ट छद्मरंगाची. फेब्रुवारी 1943 नंतर जर्मन रणगाडे कारखान्यातून गडद पिवळ्या रंगात निघू लागले. हिरवा आणि लालसर तपकिरी रंग घट्ट लगद्याच्या स्वरूपात डब्यांतून तुकड्यांना मिळे. तो पेट्रोलमध्ये नाहीतर पाण्यात पातळ करायचा आणि मिळाली तर स्प्रेगनने, नाहीतर ब्रशने मारायचा. किती पातळ केला, कशात केला, घाई किती होती, यावर छटा ठरे. हे माहीत असताना अमुक कंपनीचा हिरवा ‘अचूक’ आहे की तमुकचा, यावर तासन्‌तास घालवणारे लोक पाहिले की हसू येते. अचूकता तिथे नव्हतीच.

टवक्यांचा हिशेबही असाच सोपा आहे. मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा टवका खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा होतो. स्पंजने ठिपके उठवताना असे शेकडो टवके सहज पडतात. उलट पट्ट्यांकडे दुर्लक्ष होते. पट्टा जमिनीवर आणि चाकांवर घासतो तिथे पोलाद चकचकीत असते, उरलेल्या भागावर तपकिरी गंजाची पातळ साय येते, आणि एका दिवसाच्या वाटचालीत ती मातीखाली दडते. सायलेन्सर मात्र खरोखर गंजतो, कारण उष्णतेने त्याचा रंग जळून जातो. एकाच वाहनावर तीन प्रकारचे धातू तीन वेगळ्या वेगाने जुने होतात. हे ज्याला दिसते त्याला मी मोठा रंगकर्मी मानतो, मग त्याच्याकडे एअरब्रश नसला तरी चालेल.

बाजाराबद्दल थोडे. आज गंजाच्या ओघळाची वेगळी बाटली मिळते, पावसाच्या ओघळाची वेगळी, इंजिन-तेलाच्या डागाची वेगळी. नवख्याला याचा फायदा होतो, नाही असे नाही; मात्र बाटली घेतली की ती वापरावीशी वाटते आणि म्हणून प्रत्येक मॉडेलवर सगळेच येते. ऑईल पेंटच्या चार नळ्या आणि पांढरे टर्पेंटाइन यांत यातले बहुतेक सगळे होते. पत्र्यावर पांढऱ्या, गेरू, निळ्या रंगाचे ठिपके देऊन ओलसर ब्रशने वरून खाली ओढायचे. पाणी जसे उतरते तसे. त्यात हात थांबवायला शिकावे लागते, आणि ती शिकवण कुठल्याही दुकानात मिळत नाही.

कॅमेऱ्याचाही वाटा मोठा आहे. मॉडेल आता बघितले जाण्यापेक्षा मोठे करून छापले जाते, त्यामुळे ते मोठ्या फोटोत खुलेल असेच रंगवले जाते. दुसरीकडे याच कॅमेऱ्याने गेल्या काही वर्षांत युक्रेनमधून रणगाड्यांचे जेवढे रंगीत, स्वच्छ फोटो दिले तेवढे आधीच्या सगळ्या युद्धांनी मिळून दिले नसतील. त्यातून पुस्तकांपेक्षा जास्त शिकता येते. जळालेल्या रणगाड्याचे पोलाद थोड्याच दिवसांत भडक नारिंगी होते. चाकांवरचे रबर जळून तिथे पांढुरकी राख उरते. न जळलेला पुढचा पत्रा मात्र हिरवाच राहतो. पण गेल्या वर्षी ज्यात माणसे जळाली त्या वाहनाची नारिंगी छटा यंदा किटवर जमवायची, हे मला अजून सोसत नाही. ऐंशी वर्षांपूर्वीच्या रणगाड्यातही माणसेच होती, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही.

आपल्याकडचे काय? अहिल्यानगरला आर्मर्ड कोअर सेंटरचे रणगाड्यांचे संग्रहालय आहे. 1994 मध्ये सुरू झालेले. महाराष्ट्रातल्या मॉडेलरला मापे, आकार, पत्र्यांची जाडी अभ्यासायला याहून चांगली जागा नाही. पृष्ठभागासाठी मात्र तिथे जाऊ नये. संग्रहालयातला रणगाडा टिकवायचा म्हणून पुन्हा पुन्हा रंगवला जातो आणि त्या थरांखाली त्याचा इतिहास बुजतो. त्यासाठी दुसरीकडे, लढायांच्या इतिहासात, पाहावे लागते. सप्टेंबर 1965 मध्ये पंजाबात असल उत्तरला आपल्या सैन्याने पाणी सोडून शेते भिजवली होती, ऊस उभा होता, आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्या चिखलात रुतले. असा पॅटन रंगवायचा तर रंग जवळजवळ धड ठेवायचा. पोटाखाली आणि चाकांच्या मध्ये काळपट, ओला, चमकणारा चिखल. वरच्या पत्र्यांवर सप्टेंबरच्या उन्हाने वाळून फिका पडलेला. पट्ट्यात अडकलेली उसाची पाने. ‘युरोपची धूळ’ आणि ‘व्हिएतनामची माती’ या नावांच्या बाटल्या कधीच्या बाजारात आल्या. पंजाबच्या गाळाच्या मातीची छटा मात्र आपली आपण घोटावी लागेल.

आणि घराजवळचा विषय हवा असेल तर नगरजवळचे लष्करी सरावाचे के. के. रेंज आहे. चेन्नईजवळच्या अवाडी इथल्या कारखान्यात बनलेला भारतीय रणगाडा विजयंता घ्या आणि त्याला सराव करून परतलेला दाखवा. उन्हाळ्यात मुरुमाची तांबूस-पिवळी धूळ. पावसाळ्यात काळी माती, ओली असेपर्यंत काळी आणि वाळली की करडी, भेगा पडून चाकांवरून ढपले सुटणारी. खरी माती चाळून वापरायचा मोह होईल, पण एक दशांश मिलिमीटरचा कणसुद्धा या प्रमाणात साडेतीन मिलिमीटरची खडी होते. म्हणून धूळ एअरब्रशच्या पातळ थराने द्यावी आणि खरी माती घट्ट चिखलापुरतीच ठेवावी. शांततेच्या काळातले सैन्य रणगाडा धुते, वंगण घालते, तपासणीआधी रंगवते. तेव्हा खाली नीटनेटका रंग आणि वर फक्त एका दिवसाची माती, एवढेच. असा विजयंता एखाद्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मांडला तर परीक्षक त्याला अपुरा ठरवतील, अशी माझी अटकळ आहे. कुणीतरी मांडून पाहावा.