कॅप्टन मर्सरची दैनंदिनी : साक्षीचें मोल

अलेक्झांडर कॅव्हॅलिए मर्सर १७९९ सालीं, सोळा वर्षांचा असतां, ब्रिटिश तोफखान्यांत शिरला. १८१५ च्या १८ जून रोजीं वॉटर्लूच्या रणांगणावर घोडतोफखान्याच्या ‘जी’ पथकाचें आधिपत्य त्याजकडे होतें. त्याची ‘वॉटर्लू मोहिमेची दैनंदिनी’ त्याच्या पश्चात् १८७० सालीं मुलानें दोन भागांत छापविली.

शत्रूचें घोडदळ अंगावर येतांच तोफा सोडून पायदळाच्या चौकोनांत शिरावें, असा वेलिंग्टनचा हुकूम होता. आपण हटलों तर शेजारचे ब्रन्सविकचे कोंवळे शिपाई धीर सोडतील, या भयानें तो आपण पाळला नाहीं, असें मर्सर सांगतो. उलटपक्षीं २१ डिसेंबर १८१५ च्या पत्रांत वेलिंग्टन तोफखान्यावर रण सोडल्याचा ठपका ठेवतो.

बखर व अखबार यांतील भेद जाणणाऱ्या वाचकांनीं ‘दैनंदिनी’ या नांवास भुलूं नये. टिपणें तेव्हांचीं, मांडणी मागाहूनची. स्वतःच्या शौर्याविषयीं कोणीहि पूर्ण आप्त नव्हे. म्हणून सिबॉर्नच्या १८९१ च्या संग्रहांतील मर्सरचें पत्र शेजारीं ठेवूनच ती वाचावी. तथापि वेलिंग्टनचें पत्र छापून निघालें १८७२ सालीं, आणि मर्सर वारला १८६८ सालीं. सबब दैनंदिनी हें त्या छापील पत्राचें खंडन नव्हे.

आमच्या मतें दोहोंत खरा विरोध नाहीं. ठपका एकंदर तोफखान्यावर आहे. साक्ष एका पथकापुरती आहे. एकीनें दुसरी खोटी ठरत नाहीं.