ऑथेल्लो

विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) ह्याची पाच अंकी शोकात्मिका. ती १६०३-०४ च्या सुमारास लिहिली गेली असावी. १ नोव्हेंबर १६०४ रोजी इंग्लंडचा राजा पहिला जेम्स ह्याच्या दरबारी, व्हाइटहॉल येथे, तिचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. १६२२ मध्ये ती ‘क्वार्टो’ आकारात स्वतंत्रपणे आणि १६२३ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांच्या ‘फोलिओ’ संग्रहात प्रसिद्ध झाली. ह्या दोन संहितांत पुष्कळ पाठभेद असून क्वार्टोत नसलेल्या सु. १६० ओळी फोलिओत आढळतात. मत्सराची शोकात्मिका म्हणून ऑथेल्लो सामान्यतः ओळखली जाते. तथापि पुरावा, साक्ष आणि न्याय हे तिचे तितकेच महत्त्वाचे आशयसूत्र असून ते ध्यानात घेतल्याखेरीज नायकाच्या अधःपाताचा नीट उलगडा होत नाही.

जिराल्दी चिंत्यो ह्या इटालियन लेखकाच्या एकातोमीती (१५६५) ह्या कथासंग्रहातील एका कथेवर नाटकाचे कथानक आधारलेले आहे. त्या कथेतील नायिका डिस्डेमोना हिलाच काय ते नाव आहे. इतर प्रमुख पात्रे मूर, निशाणबरदार, कप्तान अशा संज्ञांनी वावरतात. डिस्डेमोनावर अनुरक्त झालेला निशाणबरदार तिने दाद न दिल्यामुळे सूडास प्रवृत्त होतो. तो आणि मूर मिळून वाळू भरलेल्या मोज्याने तिला ठार करतात आणि छत पाडून अपघाताचा देखावा निर्माण करतात. शेक्सपिअरने ही लपवाछपवी वगळली. त्याचा नायक पत्नीची हत्या करतो, ती आपण न्यायदान करीत आहोत अशा समजुतीने. नाटकाच्या आरंभी येणारा सिनेटपुढील चौकशीचा प्रवेशही शेक्सपिअरचाच आहे.

नाटकाला ऐतिहासिक संदर्भ आहे तो व्हेनिस आणि ऑटोमन तुर्क ह्यांच्या संघर्षाचा. सायप्रस बेट तुर्कांनी १५७०-७१ मध्ये व्हेनिसकडून जिंकून घेतले. परकीय सेनानींना चाकरीत घेण्याची प्रथा ह्या व्यापारी प्रजासत्ताकात होती. त्यामुळे ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला, कृष्णवर्णी मूर सेनापतिपदी असणे प्रेक्षकांना अशक्यप्राय वाटले नसावे. मोरोक्कोच्या सुलतानाचा राजदूत १६०० मध्ये लंडनला आला होता. ‘मूर’ हा शब्द त्या काळी उत्तर आफ्रिकेतील मुसलमान आणि कृष्णवर्णी आफ्रिकी अशा दोघांनाही लावला जाई. व्हेनिसला ऑथेल्लोची तलवार हवी आहे. त्याच्याशी सोयरीक मात्र नको आहे. त्याच्या प्रतिष्ठेतील हे वैगुण्य पुढे निर्णायक ठरते.

ब्राबँशिओ ह्या सिनेटरची मुलगी डेस्डिमोना ऑथेल्लोशी गुप्तपणे विवाह करते. कॅसिओला मिळालेली बढती सलत असलेला निशाणबरदार इआगो ऑथेल्लोच्या मनात पत्नी आणि कॅसिओ ह्यांच्या संबंधांविषयी संशय पेरतो. सायप्रसमध्ये ऑथेल्लो निरपराध डेस्डिमोनाला ठार मारतो आणि सत्य उघडकीस आल्यावर आत्महत्या करतो.

ह्या घटनाक्रमात चौकशीचे तीन प्रसंग येतात. पहिल्या अंकात ऑथेल्लोने चेटूक करून मुलगी पळविली, असा आरोप ब्राबँशिओ करतो. त्याच रात्री तुर्की आरमाराविषयीच्या वार्ताही सिनेटपुढे येतात. गलबतांची संख्या एका पत्रात १०७, दुसऱ्यात १४०, तर तिसऱ्यात २०० दिलेली असते. आरमार ऱ्होड्झकडे वळल्याची बातमी येताच ही केवळ हूल आहे, हे एक सिनेटर ताडतो. ऐकीव वार्ता पारखून घेणारी ही सभा आरोपीलाही बोलू देते. ‘डेस्डिमोनाला बोलावून तिची साक्ष घ्या’, अशी विनंती खुद्द ऑथेल्लोच करतो आणि तिच्या साक्षीने तो दोषमुक्त होतो. अर्थात सिनेटच्या ह्या निःपक्षपातामागे सायप्रसच्या रक्षणाची निकडही आहे.

दुसऱ्या अंकात मद्यधुंद कॅसिओच्या हातून दंगा होतो. येथे न्यायाधीश ऑथेल्लो आहे. तो मुख्यतः इआगोच्या साक्षीवर विसंबतो. मित्राविरुद्ध बोलणे जिवावर येत असल्याचा बहाणा करून दिलेली ही साक्ष त्याला प्रामाणिक वाटते आणि कॅसिओला तो तत्काळ पदच्युत करतो. तिसऱ्या अंकात इआगो हेच तंत्र डेस्डिमोनाबाबत वापरतो. तो आरोप करीत नाही. अडखळतो, प्रश्न विचारतो आणि उरलेले ऑथेल्लोच्या कल्पनेवर सोपवितो. पित्याला फसविणारी मुलगी पतीलाही फसवील, हा ब्राबँशिओचा इशारा तो पुन्हा पुढे करतो. स्वदेशीय आणि स्ववर्णीय वर नाकारणे अनैसर्गिक होते, असेही सुचवितो. ऑथेल्लो स्वतःकडे व्हेनिसच्या नजरेने पाहू लागतो, तेथेच त्याचा पराभव होतो.

तो डोळ्यांना दिसेल असा पुरावा मागतो. निष्ठेचा असा पुरावा देता येत नाही. व्यभिचाराचा मात्र रचता येतो. डेस्डिमोनाच्या हातून पडलेला हातरुमाल इआगोची पत्नी एमिलिया उचलून त्याला देते व तो कॅसिओच्या खोलीत टाकला जातो. टॉमस रायमरने १६९३ मध्ये ह्या हातरुमालावरून नाटकाची चेष्टा केली. परंतु पुराव्याचे क्षुद्रत्व हा रचनेतील दोष नव्हे. निर्णय आधीच झाला की किती अल्पशा गोष्टीवर मन समाधान मानते, हेच त्यातून दिसते. सायप्रसमधील घटना जेमतेम दीड दिवसात घडल्याचा भास होतो, तर संवादांतून दीर्घ काळ सूचित होतो. ह्या ‘दुहेरी काला’विषयी समीक्षकांनी बरीच चर्चा केली आहे. त्याचा नाट्यगत परिणाम असा, की सत्यशोधनाला अवधीच उरत नाही. शेवटच्या अंकात डेस्डिमोना कॅसिओला बोलावून विचारण्याची विनवणी करते. पहिल्या अंकातील ऑथेल्लोच्या विनंतीचाच हा प्रतिध्वनी होय. परंतु कॅसिओ मारला गेला, असे समजणारा ऑथेल्लो साक्षीदाराविनाच शिक्षा अंमलात आणतो. अखेर पतीची आज्ञा मोडून एमिलिया खरी साक्ष देते आणि त्यासाठी प्राण गमावते. ऑथेल्लोही शेवटी आपली हकीकत आहे तशीच सांगितली जावी, एवढेच मागतो. एका व्हेनिशियनाला मारणाऱ्या तुर्काचा आपण कसा वध केला, हे सांगत तो स्वतःला भोसकून घेतो. न्यायाधीश आणि अपराधी, व्हेनिसचा रक्षक आणि परका, ह्या साऱ्या भूमिका त्या एका कृतीत एकवटतात.

इआगोच्या दुष्टाव्यामागे पुरेसा हेतू नाही, तो केवळ हेतू शोधत राहतो, असे कोलरिजचे मत होते. ए. सी. ब्रॅडलीने (१९०४) ऑथेल्लोचे औदार्य अधोरेखित केले. उलट टी. एस. एलियट (१९२७) आणि एफ. आर. लीव्हिस (१९३७) ह्यांना त्याच्यात आत्मवंचना दिसली. लीव्हिसच्या मते इआगोला मिळालेले यश बव्हंशी ऑथेल्लोच्या स्वभावातच दडलेले आहे. ही टीका मार्मिक असली, तरी परकेपणामुळे आत्मविश्वासाला असलेला धोका तीत पुरेसा जमेस धरलेला नाही. नंतरच्या समीक्षेने वर्ण आणि स्त्रीचे पारतंत्र्य ह्या अंगांकडे अधिक लक्ष दिले.

रिचर्ड बर्बिज हा पहिला ऑथेल्लो. पुढे दीर्घकाळ ही भूमिका गौरवर्णी नटच करीत. आयरा ऑल्ड्रिज ह्या आफ्रिकी-अमेरिकन नटाने १८३३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन रंगमंदिरात ती केली. पॉल रोब्सनने ती १९३० मध्ये लंडनला व १९४३ पासून न्यूयॉर्कला केली. न्यूयॉर्कमध्ये २९६ प्रयोग झाले. वंशभेदाचे धोरण असलेल्या दक्षिण आफ्रिकेत १९८७ मध्ये जोहॅनिसबर्ग येथे जॉन कानी ह्या कृष्णवर्णी नटाने ती साकारली. व्हेर्दीची ओतेल्लो (१८८७) ही संगीतिका ह्याच नाटकावर आधारित आहे.

महादेवशास्त्री कोल्हटकर ह्यांनी १८६७ मध्ये ह्या नाटकाचे मराठी भाषांतर केले. गोविंद बल्लाळ देवल ह्यांचे झुंझारराव (१८९०) हे त्याचे मराठी रूपांतर. त्यातील गणपतराव जोशी ह्यांची नायकाची भूमिका विशेष गाजली.